खाडीच्या तोंडावरची रेघ

शर्वरी चोगलेचा धंदा वस्तू दाखवण्याचा होता. माणसांना नव्हे, यंत्रांना. कारखान्यातल्या पट्ट्यावरून डबा किंवा बाटली पुढे सरकली की ती यंत्राला कळायला हवी. नाहीतर झाकण हवेतच बसतं, लेबल पट्ट्याला चिकटतं आणि सगळी लाइन बंद पडते. म्हणून पट्ट्याच्या कडेला प्रकाशाचा सेन्सर लावतात. त्यातून बारीक किरण सुटतो, समोरच्या आरशावर जाऊन परत येतो. मध्ये वस्तू आली की किरण तुटतो आणि यंत्राला कळतं, आली. ऐकायला सोपं आहे. पण पट्टा थरथरतो, काचेवर धूळ बसते, खिडकीतून ऊन शिरतं, शेजारच्या सेन्सरचा किरण याच्या डोळ्यात जातो. खेड-चिपळूणकडच्या कुठल्याही कारखान्यात लाइन अडली की शर्वरीला फोन यायचा आणि ती गाडीवर हत्यारांची पेटी बांधून निघायची.

सगळ्यात जास्त छळायच्या त्या पाण्याच्या बाटल्या. पारदर्शक प्लास्टिकमधून किरण आरपार निघून जायचा, आणि शंभर बाटल्या डोळ्यांसमोरून गेल्या तरी सेन्सर म्हणायचा, काही आलंच नाही. त्यावर तिच्या धंद्यात एक युक्ती होती, आणि त्या युक्तीनं पुढे खारबंदरचं सगळं गाव ढवळून काढलं.

खारबंदर हे तिचं सासर. नवरा प्रथमेश घरची मासेमारीची बोट चालवायचा. त्याच्या आधी ती त्याचे वडील जनार्दन चोगले चालवत. बोट चालवणारा तो तांडेल, म्हणून बंदर त्यांना जनातांडेल म्हणे, शर्वरी आबा म्हणे. बंदरातल्या बोटी नुकत्याच डिझेलवरून बॅटरीवर आल्या होत्या. धूर गेला, आवाज गेला, खर्च कमी झाला. एक दुखणं मात्र वाढलं. समुद्रात तुटून वाहत राहिलेली नायलॉनची जाळी बोटीखालच्या पंख्यात अडकायची. जुनं डिझेल इंजिन गुरगुरून बंद पडायचं, विजेची मोटर मात्र क्षणात जळायची. आणि ही जाळी पाण्यात दिसत नसत. मुळात ती माशांना दिसू नयेत म्हणूनच तशी बनवलेली.

एका शुक्रवारी प्रथमेशची बोट परत आली नाही. वायरलेसवरही उत्तर नव्हतं. शर्वरी आणि तिच्या सासूबाई मंदाआई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धक्क्यावर उभ्या होत्या. मंदाआईंनी तिचा हात धरला होता. आबा धक्क्याच्या टोकाला एकटेच बसले होते, पाण्याकडे बघत. शेवटी एक दुसरी बोट दोराला बांधून प्रथमेशच्या बोटीला ओढत आली. मोटरबरोबर बॅटरीचा सगळा सरंजाम जळाला होता. प्रथमेश उन्हानं काळवंडलेला, तहानेनं ओठ फुटलेले, पण हसत होता. पंख्यातून कापून काढलेला जाळ्याचा गुंता त्यानं बायकोच्या पुढ्यात टाकला.

"हे बघ तुझ्या बाटलीचं भावंड," तो म्हणाला. "हातभर अंतरावर होतं, तरी दिसलं नाही."

शर्वरी आधी पोटभर रडली. मग, तो जेवून झोपल्यावर, अंगणात त्या गुंत्याजवळ येऊन बसली.

बाटलीची युक्ती अशी. प्रकाश म्हणजे लाट. ती उभी हलते, आडवी हलते, तिरकी हलते, सगळ्याच दिशांनी हलते. एक विशिष्ट फिल्टर लावला की फक्त उभी लाट पलीकडे जाते. तिच्यापुढे दुसरा फिल्टर आडवा धरला की तीही अडते आणि मागे काळोख उरतो. पण या दोन फिल्टरांच्या मध्ये ओढून ताणून बनवलेलं प्लास्टिक आलं, तर चमत्कार होतो. ताणलेल्या प्लास्टिकच्या आतल्या साखळ्या एका दिशेनं मांडलेल्या असतात. त्या प्रकाशाच्या लाटेला पीळ देतात. उभी लाट थोडी कलते आणि दुसऱ्या फिल्टरातून निसटते. म्हणजे साध्या डोळ्यांना आरपार दिसणारी वस्तू काळोखात लखलखायला लागते. नायलॉनचा धागाही ओढूनच बनवतात. शर्वरीनं पेटीतले दोन फिल्टर काढले, त्यांच्यामध्ये जाळ्याचा तुकडा धरला आणि उन्हाकडे पाहिलं. प्रत्येक धागा निळा, पिवळा, गुलाबी असा पेटला होता.

त्याच वर्षी बाजारात एक नवी चिप आली होती. धुक्यात चालणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेली. ती प्रकाशाचा एकेक कण मोजू शकत असे. शर्वरीनं विचार केला, गढूळ पाण्यात प्रकाश सोडला तर चिखलाचे कण तो परत फेकतात, पण बहुतेक पीळ न देताच. जाळ्यावरून येणारा प्रकाश तेवढा पीळ घेऊन येईल. प्रकाशाच्या हजार कणांतले दोन जरी तसे आले, तरी चिपला ते वेगळे काढता येतील. कागदावर हिशोब जमत होता. खाडीच्या गढूळ पाण्यातही आठ-दहा वाव, म्हणजे पन्नास-साठ फूट, पुढचं जाळं कळायला हवं होतं, आणि तेवढ्या अंतरात मोटर थांबवता येते.

कागदावरून बोटीवर यायला मात्र वर्ष गेलं. तिनं पहिला सेन्सर नाळेवर, बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला बसवला. तिथे लाटेचा फेस व्हायचा आणि प्रत्येक बुडबुड्याला यंत्र ओरडायचं. बंदरात हसून हसून लोकांची पोटं दुखली. आबांनी त्याला 'सूनबाईचं रडं' असं नावच ठेवलं. मग तिनं तो बोटीच्या तळाला, कण्याच्या खाली नेला. फेस सुटला, तर काचेवर शिंपल्या चढल्या. काचेपाशी अतिनील किरणांचा बारीक दिवा लावल्यावर त्या चढायच्या थांबल्या. मग थरथर निघाली. कारखान्यातला पट्टा निदान एकाच ठिकाणी थरथरतो, बोट सगळीकडून थरथरते. तिनं रबराच्या गाद्या घालून ब्रॅकेट तीनदा बदलला. नेमकं काय करते आहे ते आबा येऊन बघत, पान लावत, आणि काहीतरी बोचरं बोलून निघून जात. त्यांना बोटीवरून उतरवून फार दिवस झाले नव्हते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि नव्या बोटीवर पडद्यासमोर बसावं लागे, जे त्यांना जमत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. आता विश्रांती घ्या, असं सगळे त्यांना प्रेमानं सांगत. ते रोज सकाळी किनाऱ्यानं फिरायला जात आणि दुपारी परत येऊन थोडंसंच जेवत.

यंत्राचं नाव प्रथमेशनं 'चाहूल' ठेवलं. ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेनंतर, ती पाच बोटींवर बसली आणि पहिल्याच महिन्यात त्या पाचांपैकी एकीचाही पंखा अडकला नाही. मग सगळ्यांनाच हवी झाली. बंदरातल्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमन रुबीना मुकादम. बंदरात लहानथोर सगळे त्यांना भाभी म्हणत. त्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. प्रत्येक बोटीला जिथे जाळं कळेल ती खूण सोसायटीच्या एकाच नकाशावर यावी आणि सगळ्या बोटींना दिसावी. नुसतं चुकवायचं नाही, ओढूनही आणायचं. हिवाळ्यापर्यंत धक्क्यावर वाहत्या जाळ्यांचा ढीग मासळीच्या लिलावाच्या शेडइतका उंच झाला. शेजारच्या बंदरांतून माणसं बघायला येऊ लागली. शर्वरीनं कारखान्यांची कामं कमी केली, दोन मुली हाताखाली घेतल्या, आणि बोटींच्या पोटाखाली चिखलात उताणं पडून ब्रॅकेट आवळण्यात तिला जे सुख लागे ते तिला कुणाला समजावता येत नसे.

पुढच्या हंगामात एक नवीच अडचण आली. चाहूल वाहतं जाळं बघून ओरडायची, तशीच दुसऱ्यानं रीतसर लावलेलं जाळं बघूनही ओरडायची. खलाशी वैतागले. शर्वरीनं पुन्हा आकडे उघडले आणि तिला उत्तर सापडलं. नायलॉन जितकं जास्त ताणलेलं, तितका पीळ जास्त. वाहतं जाळं सैल, गोळा झालेलं असतं. लावलेल्या जाळ्याला वर तरंग आणि खाली वजनं असतात, ते ताठ उभं असतं. म्हणजे प्रकाशच सांगेल, कुठलं जाळं हरवलेलं आणि कुठलं कुणीतरी मुद्दाम लावलेलं. तिनं तसा प्रोग्राम लिहिला. सैल ते निळं, ताठ ते लाल. चाचणीसाठी प्रथमेशच्या बोटीच्या गेल्या महिन्याच्या नोंदी त्यातून काढल्या.

बाहेरच्या समुद्रात निळे ठिपके आणि लाल रेघा अपेक्षेप्रमाणे आल्या. पण एक आखूड लाल रेघ खाडीच्या तोंडाशी होती, राखीव पाण्यात. तिथे पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत कुणी जाळं टाकायचं नाही, लहान म्हावऱ्याला, माशांच्या पिल्लांना, वाढू द्यायचं, असा सोसायटीचा नियम होता. रेघ एखाद्या सकाळी असे, एखाद्या सकाळी नसे.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर शर्वरी प्रथमेशबरोबर तिकडे गेली. बोट आवाज न करता तिवरांच्या बेटाला वळसा घालून गेली, आणि मागे, दगडांच्या आडोशाला, एक जुनी वल्ह्याची होडी होती. पाण्यात बोटींच्या वाटेकडे पसरलेलं लहानसं जाळं होतं. खडकावर काटक्यांचा विस्तव पेटलेला, त्यावर दोन बोया, खाडीतले मासे, भाजत होत्या, आणि शेजारी पाय पसरून आबा बसले होते.

राखीव पाण्याचा नियम सोसायटीत ज्यांनी भांडून, दोन वर्षं सगळ्यांशी वैर घेऊन मंजूर करून घेतला होता, ते हेच.

"बसा," आबा म्हणाले. "तिसरी मिळाली असती तर तुम्हालाही दिली असती."

प्रथमेशला हसू आवरेना, आणि ते बघून आबा चिडले. मग हळूहळू सगळं बोलून गेले. विकायला एक मासा नेला नव्हता. दोन-तीन धरायचे, इथेच भाजून खायचे. घरी बसून भिंती खायला उठतात. बोटीवर जावं तर पोरगा पडद्यासमोर बसतो आणि बाप बादलीशेजारी. गुडघा बाहेरच्या समुद्रात टिकत नाही, या होडीतून इतकंच पाणी गाठता येतं, आणि इतकंच पाणी बंद. त्यांनी शर्वरीकडे न बघता म्हटलं, "हातात ओलं जाळं नसलं की माझा दिवस जात नाही गो. चुकलं ते चुकलं. पण असं आहे."

त्यांनी काही मागितलं नाही. परत येताना मागितलं ते प्रथमेशनं. आठवडाभरात सोसायटीच्या सभेत नवा प्रोग्राम दाखवायचा होता. ही एक रेघ आधीच काढून टाकली तर कुणाला कळणार होतं? म्हातारा माणूस, दोन मासे. आता जाळं काढून घ्यायला सांगू आणि विषय संपेल.

शर्वरीलाही तेच करावंसं वाटत होतं, आणि म्हणूनच तिला भीती वाटत होती.

"एका खुणेला मी हात लावला की बाकीच्या सगळ्या खुणा माझ्या मर्जीच्या होतात," ती म्हणाली. "उद्या चाहूल सांगेल, पुढे पाणी मोकळं आहे. तू बोट घालशील. माझ्या मर्जीवर घालशील?"

प्रथमेशनं बोटीचं तोंड धक्क्याकडे वळवलं. तिला धक्क्यावरची ती दुपार आठवत होती, मंदाआईंचा गार हात आठवत होता. त्यालाही बहुधा आठवलं असावं.

संध्याकाळी तिनं आबांना समोर बसून सांगितलं की रेघ नकाशावर राहील. ती कुणाचं नाव घेणार नाही, पण पुसणारही नाही. आबांनी मान हलवली आणि पानाचा डबा घेऊन बाहेर गेले. पुढचे दिवस त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं वाढलेलं जेवत, पण पाणी मात्र मंदाआईंकडे मागत. मंदाआईंना सगळं कळलं तेव्हा त्या भडकल्या, पण नियमाबद्दल नव्हे. कधीपासून त्या काळजी करत होत्या की यांची भूक का मेली, डॉक्टरकडे नेऊ या का, आणि हे तिकडे एकटे बोया खात होते, तेही मसाल्याशिवाय. त्यांनी दोन दिवस घरात नुसतं वरण केलं. शर्वरीला हसावं की रडावं कळेना. रात्री प्रथमेशच्या कुशीत तोंड खुपसून तिनं दोन्ही केलं.

सभेला लिलावाची शेड भरली होती. शर्वरीनं भिंतीवर नकाशा लावला, निळं म्हणजे काय आणि लाल म्हणजे काय ते सांगितलं, आणि खाडीच्या तोंडाशी बोट न दाखवता थांबली. दाखवायची गरजच नव्हती. ती रेघ सगळ्यांना दिसली. कुजबुज झाली. भाभींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि विचारलं की ही कुणाची.

शेडच्या मागच्या बाजूला आबा उठून उभे राहिले.

"माझी," ते म्हणाले. "यंत्र बरोबर आहे."

शर्वरीनं डोळे टिपले. आबांनी कबूल केलं म्हणून जितके, तितकेच शेवटच्या तीन शब्दांसाठी. सगळ्या बंदरासमोर, तिच्याकडे बघून, त्यांनी ते म्हटलं होतं.

आता शिक्षा. शिक्षाही नियमाबरोबर आबांनीच सुचवली होती, आणि ती कुणाला परवडू नये अशीच. जो राखीव पाण्यात धरला जाईल त्यानं स्वतःचा धंदा सोडून हंगाम संपेपर्यंत रोज सकाळी होडी घेऊन त्याच पाण्यावर राखण करायची. भाभींनी ती तोंडपाठ म्हणून दाखवली. म्हणता म्हणता त्यांचा आवाज हलला, कारण आपण काय म्हणतो आहोत ते त्यांच्या लक्षात आलं. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. आबांनी चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला होता, पण कान लाल झाले होते.

"तांडेल," भाभी म्हणाल्या, "शिक्षा कडक आहे. झेपेल ना?"

आबा म्हणाले की नियम तो नियम. आणि मग सगळी शेडच हसायला लागली, मंदाआईंसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शर्वरीच्या कामाच्या शेडमध्ये आले. सभेनंतर दोघं एकटे पहिल्यांदाच भेटत होते. त्यांनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं की वल्ह्याच्या होडीला बसेल अशी लहान चाहूल होते का. राखण करायची तर नीट करायला हवी. तिनं दोन दिवसांत ती बनवली. होडीला कणा जेमतेम, म्हणून सेन्सर एका दांडीवर घेतला, वल्ह्याच्या आड येणार नाही असा. नट आवळताना दांडी त्यांनी धरली. पडदा हाताच्या तळव्याएवढा. निळं, लाल, काळं. ते त्यांना पहिल्याच दिवशी आलं, आणि आधी का नाही शिकलो याबद्दल दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

आबा पहाटे निघत ते दुपारी येत, आणि ताट चाटूनपुसून खात. कुणाचं वाहतं जाळं खाडीत शिरलं तर ओढून आणत. बोटींना वायरलेसवर इशारे देत, जरा जास्तच. प्रथमेश म्हणायचा, खाडीत आता रेडिओ स्टेशन निघालं आहे.

दिवाळी आठवड्यावर आली असताना एका सकाळी शर्वरीच्या शेडमध्ये वायरलेस खरखरला. आबांनी शांतपणे सांगितलं की तिचं यंत्र बिघडलं आहे. पडदा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पेटला आहे, आणि पाण्यात जाळ्याचा एक धागा नाही. दिवाळीनंतर शेजारच्या बंदरात पंचवीस बोटींवर हेच यंत्र बसायचं होतं. शर्वरी पेटी घेऊन मिळेल त्या होडीतून खाडीच्या तोंडाशी गेली आणि आबांच्या होडीत चढली.

पडदा खरंच पेटला होता. निळाही नाही, लालही नाही, फिकट, सगळीकडे भुरभुरणारा. तिनं काच पुसली. जोड उघडून पुन्हा लावले. दांडी हलवली. सेन्सर पाण्याबाहेर काढला तर पडदा काळा, पाण्यात घातला की पुन्हा पेटलेला. यंत्रात काही दोष नव्हता. पाण्यात काहीतरी होतं, आणि ते दिसत नव्हतं. आबा म्हणाले, पाणी काढून बघू या का? आणि त्यांनी चहाचं स्टीलचं भांडं बुडवून भरून तिच्या हातात दिलं.

भांड्यात नुसतं पाणी होतं. शर्वरीनं ते उन्हात धरलं. तेव्हा तिला डोळे दिसले. टाचणीच्या टोकाएवढे काळे, जोडीजोडीनं, शेकडो, आणि त्यांच्यामागे काही नाही. मग एक जोडी सटकन मागे सरली, आणि मागचं पाणी किंचित हललं, तेव्हा कळलं की मागे अंग आहे.

"कोळंबी," आबा कुजबुजले. "पिल्लं आहेत गो. काचेची असतात ती या वयात."

शर्वरीला ते सगळं एकदम उमगलं. जिवंत स्नायूही ताणलेल्या धाग्यांचाच बनलेला असतो, एका दिशेनं मांडलेल्या, प्रकाशाला पीळ देणाऱ्या. एक पिल्लू चिपला कळणारही नाही. पण इथे लाखांनी होती. तिनं आबांना हे सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. आबा ऐकत नव्हते. ते पडद्याकडे बघत होते, मग पाण्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. लहानपणी वडिलांबरोबर एकदा इतकी पाहिली होती, म्हणाले. त्यानंतर नाही. नियम करताना त्यांनी सभेत शपथेवर सांगितलं होतं की ती परत येतील, आणि घरी आल्यावर मंदाआईंना सांगितलं होतं की आपल्याला काही खात्री नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. ते त्यांनी लपवले नाहीत.

किती असतील, त्यांनी विचारलं. मोजता येणार नाहीत, शर्वरी म्हणाली, आणि कुठल्याही यंत्राबद्दल असं सांगताना तिला आयुष्यात कधी इतका आनंद झाला नव्हता.

आबांनी भांडं तिच्या हातातून घेतलं, पाण्याला टेकवून अलगद कलतं केलं, शेवटची डोळ्यांची जोडी बाहेर जाईपर्यंत. तेवढ्यात खाडीच्या बाहेर बोटी दिसू लागल्या. सकाळच्या फेरीच्या, बंदराकडे परतणाऱ्या, नेहमीच्या वाटेनं खाडीच्या तोंडावरून जाणाऱ्या. आबांनी वायरलेस उचलला. त्यांचा आवाज चढला नाही, पण शर्वरीनं तो या घरात आल्यापासून असा ऐकला नव्हता. त्यांनी सगळ्या बोटींना बाहेरून, बेटाला वळसा घालून जायला सांगितलं. कारण नंतर सांगतो, म्हणाले.

कुणीही कारण विचारलं नाही. पहिली वळली ती प्रथमेशची बोट. तिच्यामागून दुसरी, तिसरी, मग सगळी रांग, आवाज न करता, उन्हात पांढरी होत बेटाकडे वळली. आबांनी वल्हं पाण्यातून काढून मांडीवर आडवं ठेवलं. भरती लागली होती. होडीखालून खाडी भरत होती, आणि ती दोघं न हलता बसून राहिली.